पाचपैकी तीन

एका सज्जन माणसाची रोजीरोटी मी केवळ त्याच्यावर खूश झाल्यामुळे बंद पाडली. हे वाक्य मी तीनदा तपासलं आहे. त्यात एकही शब्द जास्तीचा नाही.

चाळीस वर्षं वर्तमानपत्राच्या टेबलावर बसून मी इतरांची वाक्यं तपासली. तेव्हा स्वतःची वेळ आल्यावर सूट घेणं बरं दिसणार नाही. घटना परदेशातल्या एका शहरात घडली. मुलगी आणि जावई तिथे नोकरी करतात, आणि आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी त्यांच्याकडे गेलो होतो. पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी हिची कवळी धुताना बेसिनमध्ये पडली आणि मधोमध दुभंगली. ही तोंडाला रुमाल लावून खोलीत जाऊन बसली आणि म्हणाली, "मी आता कुठेही येणार नाही. तुम्ही बघून या शहर, आणि मला सांगा कसं आहे ते."

मुलीने दातांचं एक रुग्णालय शोधलं. नवी कवळी बसेपर्यंत आठवड्याला एक अशा सहा खेपा होत्या. रुग्णालय शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि मुलगी-जावई सकाळी सातला घराबाहेर. म्हणून तिने माझ्या मोबाईलमध्ये गाडी बोलावायचं अॅप घालून दिलं.

"बाबा, एकदम सोपं आहे. इथे दाबलं की गाडी येते. बसायचं, उतरायचं. उतरलात की ड्रायव्हरला स्टार द्यायचे."

"किती?"

"पाचपैकी. तुम्हाला वाटेल तसे."

या शेवटच्या तीन शब्दांवर पुढचं सगळं रामायण उभं आहे. आपण असं म्हणालोच नाही, असं मुलीचं आज म्हणणं आहे. पण माझ्या वहीत तारीखवार नोंद आहे.

पहिल्या खेपेला मी पुढच्या सीटवर बसलो. मागे बसून माणसाला नुसता चालक करून टाकणं मला पटत नाही. सीटवर त्याचा डबा, छत्री आणि पाठीला लावायची उशी होती; ती सगळी मी मांडीवर घेतली. ही मागे एकटीच, एखादी सरकारी पाहुणी असावी तशी, तोंडाला रुमाल लावून. मी वही काढली आणि सवयीने सुरुवात केली. नाव? वय? शिक्षण? इथे कधीपासून? बोलणं दोघांनाही परक्या असलेल्या भाषेत चाललं होतं, त्यामुळे प्रश्न सुटसुटीत ठेवावे लागत होते, आणि सुटसुटीत प्रश्न जरा दरडावल्यासारखे वाटतात, हे मला मान्य आहे. चौथ्या प्रश्नाला त्याने गाडी बाजूला घेतली.

"साहेब," तो म्हणाला, "कागदपत्रं सगळी वरच्या कप्प्यात आहेत."

आणि त्याने माझ्या मांडीवर, डब्यावर, सहा कागद ठेवले. दिलेच आहेत तर मी वाचले. विम्याच्या कागदावर दोन ठिकाणी दोन वेगळ्या तारखा होत्या, त्या त्याच्या नजरेस आणून दिल्या. उरलेला रस्ता तो काही बोलला नाही.

उतरल्यावर मी लिहिलं: "वळणं सावकाश. गाडी स्वच्छ. संभाषणात सुधारणेला वाव आहे." आणि तीन तारे दिले.

इथे तीनचा खुलासा करायला हवा, कारण पुढे याचा खुलासा मला फार ठिकाणी करावा लागला. पाचपैकी तीन म्हणजे साठ टक्के. साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास. मी ज्या पिढीत शिकलो, तिच्यात फर्स्ट क्लास मिळालेल्या मुलाला शेजारी बघायला येत. मला स्वतःला मॅट्रिकला अठ्ठावन्न टक्के पडले. त्या दोन टक्क्यांचा विषय वडिलांनी पुढे सत्तावीस वर्षं चालू ठेवला होता. पैकीच्या पैकी गणितात पडतात, माणसाला पडत नाहीत. आणि या अॅपमध्ये बघावं तर प्रत्येक चालकाच्या नावापुढे चार पूर्णांक आठ, चार पूर्णांक नऊ! सगळं शहर बोर्डात आलेलं. ही गुणांची खैरात कुठेतरी थांबवायला हवी होती, आणि सुरुवात आपल्यापासून करावी असं मला वाटलं.

दुसऱ्या खेपेचा चालक आम्ही कुठे चाललोय हे कळताच खुलला. त्याने नुकतेच चार दात रोवून घेतले होते. ते तो सिग्नल सोडून इतर सर्व ठिकाणी मागे वळून हिला दाखवत होता.

"ताई, कवळी नको! हे बघा. हा, हा, आणि हा आतला. दिसला?"

"पुढे बघ बाबा," ही रुमालातून, आपल्या भाषेत म्हणाली.

"आतला नाही दिसत म्हणतायत," असं स्वतःच ठरवून त्याने तोंड आणखी उघडलं. त्याला मी दोन दिले. चाळीस टक्के, पास, पण काठावर. "वाहन चालवताना दात दाखवू नयेत," अशी सूचनाही लिहिली.

तिसऱ्या खेपेला तो भेटला.

पन्नाशीचा, बारीक, शर्टाची वरची गुंडी लावलेला माणूस. मी वही उघडण्याआधीच त्याने माझ्याकडे वळून बघितलं आणि विचारलं, "केस कोणी कापले?"

"आमच्या घराजवळ एकजण आहे."

"किती वर्षं?"

"बावीस."

"बावीस वर्षं," तो हळहळून म्हणाला. "तुमचा डावा कल्ला उजव्यापेक्षा खाली आहे. अर्ध्या बोटाने. त्याला कोणी सांगितलं नाही?"

आयुष्यात पहिल्यांदा मुलाखत माझी चालली होती. गाडी चालवण्याआधी तो त्याच्या गावी केशकर्तनालय चालवत असे. वीस वर्षं. इथे आल्यावर हातात कात्री नाही, पण नजर जात नाही, असं तो म्हणाला. सिग्नलला थांबलं की तो पादचाऱ्यांची डोकी बघे आणि हळूच चुकचुके. मी अपमान गिळला. रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात जाऊन आरशात पाहिलं. कल्ला खाली होता. बावीस वर्षं खाली होता, आणि हिने एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

"मला वाटलं, तुम्हाला तसाच आवडतो," ही म्हणाली.

त्या दिवशी डॉक्टरांनी तात्पुरती कवळी डबीत घालून दिली. परतताना योगायोगाने गाडी त्याचीच आली, आणि डबी हिच्या हातून गाडीतच राहिली. ती राहिल्याचं आम्हाला कळायच्या आत दारावरची घंटा वाजली. तीन जिने चढून, धापा टाकत, डबी दोन्ही हातांवर धरून तो उभा. अर्ध्या वाटेवरून परत आला होता. मधली एक सवारी सोडून दिली होती.

"मी उघडून पाहिलं नाही," तो म्हणाला. "कोणाच्या दातांत आपण बघू नये."

हिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मोबाईल काढला. मनात साडेतीन होते. पण अर्ध्या ताऱ्याची सोय नव्हती, आणि आमच्या धंद्यातला नियम असा की शंका आली की आकडा खालचा धरायचा. आयोजक म्हणतात सभेला दहा हजार होते, पोलीस म्हणतात तीन. आम्ही छापतो "सुमारे तीन हजार". मी तीन दिले. खाली लिहिलं: "अत्यंत प्रामाणिक. निरीक्षणशक्ती तीक्ष्ण." माझ्या लेखणीतून एवढी स्तुती एका मुख्यमंत्र्याचीही झाली नव्हती.

आता बाकाबद्दल. मुलीच्या इमारतीखाली एक लांब बाक होता आणि त्याच्यावर रोज सकाळी दहाला आमच्यासारखी, मुलांकडे आलेली सहाजण जमत. त्यांतल्या दोघांचीच ओळख पुरे. एक बँकवाले, ज्यांनी आयुष्यभर लोकांचे अर्ज त्रुटी काढून परत पाठवले. आणि दुसऱ्या बाई, एका मोठ्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांच्यासमोर बँकवालेही पाय जुळवून बसत.

मी ताऱ्यांचा विषय काढला.

"पाच?" बँकवाले म्हणाले. "माझा मुलगा डोळे मिटून पाच देतो हो. अशानेच माणूस डोक्यावर बसतो."

बाईंनी चष्मा पुसला. "निबंधाला दहापैकी साडेसहाच्या वर मी नोकरीत कधी दिले नाहीत. पाच देवाला. चार देवमाणसाला. उत्तम काम करणाऱ्याला तीन. एकदा ठरलं म्हणजे ठरलं."

"आणि तोंड बघून नाही द्यायचे," बँकवाल्यांनी पुस्ती जोडली.

ठराव एकमताने मंजूर झाला. मग मी, हात जोडून सांगतो, निव्वळ चांगुलपणाने, सगळ्यांना कल्ल्यांबद्दल आणि कवळीच्या डबीबद्दल सांगितलं आणि म्हणालो, गाडी हवी असेल तर याचीच बोलवा. अॅपमध्ये आवडता चालक म्हणून नोंद करायची सोय होती. सहाही जणांनी केली. बाकावर त्याचं नावच पडलं, 'कल्लेवाले'. बँकवाल्यांना त्याने सांगितलं की भांग उजवीकडे पाडला तर टक्कल निम्मं दिसेल. बाईंना सांगितलं की कलपाची छटा एक पायरी जास्त काळी आहे. बाई दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत, पण तारे तीनच दिले. "रागाने गुण कापणारी मी नव्हे," त्या म्हणाल्या.

चौथ्या खेपेला मी स्वतःच वस्तऱ्याने डावा कल्ला वर घेऊन गेलो होतो. त्याने एक नजर टाकली.

"आता उजवा खाली आहे," तो म्हणाला.

तीन.

पाचव्या खेपेला तो आला नाही. मोबाईलवर त्याच्या नावासमोर राखाडी गोल दिसत होता. दुसऱ्या कोणाची गाडी येईना. एक आली, फाटकापर्यंत पोचली आणि वळून गेली. चाळीस मिनिटांनी एकजण थांबला. मी पुढचं दार उघडायला गेलो तर आतून कडी.

"मागे बसा," तो म्हणाला. आणि गाडी सुरू झाल्यावर: "तुम्ही ते वहीवाले का?"

"का?"

"तुमच्या इमारतीत आता कोणी येत नाही. तुम्ही लोकांनी त्या न्हाव्याचं खातं बंद पाडलंत."

मी म्हणालो, काहीतरी गैरसमज होतोय, आम्हाला तो माणूस अतिशय आवडतो. त्याने आरशातून माझ्याकडे असं पाहिलं की हिने माझा हात धरला.

रुग्णालयातून परतताना चालकाला सांगून आम्ही घराजवळच्या कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावर उतरलो. चालक मंडळी तिथे चहाला थांबतात. कल्लेवाले तिथे एका चालकाच्या मानेवरचे केस साध्या कात्रीने सारखे करत होते. मला पाहून त्यांनी कात्री खिशात ठेवली. रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"एक विचारू?" ते म्हणाले. "मी काय चुकलो?"

"काहीच नाही!"

"मग तीन का?"

मी साठ टक्के सांगितले. फर्स्ट क्लास सांगितला. अठ्ठावन्न टक्केही सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी मोबाईल काढून दाखवला. शेवटच्या पन्नास फेऱ्यांची सरासरी साडेचारच्या खाली गेली की खातं थांबतं. त्यांची चार पूर्णांक तीन होती. पन्नासांतले पंधरा 'तीन' आमच्या इमारतीतून आले होते. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत कंपनीला समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर खातं कायमचं बंद.

"मी त्यांना काय उत्तर देऊ?" ते म्हणाले. "मला वाटलं, केसांचं बोललो म्हणून. पण माझी मुलगी म्हणते, केसांचं लिहिलं असतं त्यांनी. त्यांनी तर लिहिलंय, अत्यंत प्रामाणिक."

तो दिवस बुधवार होता.

घरी मुलीने डोक्याला हात लावला. "बाबा! पाच म्हणजे ठीक. चार म्हणजे काहीतरी बिनसलं. तीन म्हणजे, तीन म्हणजे या माणसापासून सावध राहा!"

"मग एक आणि दोन कशाला ठेवलेत?"

"भांडायला!"

चाळीस वर्षं मी लोकांना प्रश्न विचारून पोट भरलं. या शहरात आल्यापासून प्रत्येक चालकाला वय विचारलं, शिक्षण विचारलं, मुलं विचारली. इथे तीन म्हणजे काय, हे एकालाही विचारलं नाही.

गुरुवारी रात्रीपर्यंत मी अॅपमधल्या मदतीच्या रकान्याशी झुंजत होतो. "तुमचा अनुभव वाईट होता का?" मी 'नाही' दाबलं. "धन्यवाद!" असं म्हणून तो बंद झाला. पुन्हा उघडून 'होय' दाबलं. "चालक उद्धट होता का? गाडी अस्वच्छ होती का?" चालक उत्तम होता, प्रवासी मूर्ख होता, असा पर्याय नव्हता. शुक्रवारी सकाळी मी बाकावर गेलो आणि सगळं सांगितलं.

मग बाई उठल्या.

"आपल्या हातून पेपर चुकीचा तपासला गेला, तर आपण काय करतो?"

"फेरतपासणी," बँकवाले म्हणाले.

"चला तर मग."

आम्ही सहाजण दोन बस बदलून, कारण गाडी कोणी देईना, कंपनीच्या चालक साहाय्य केंद्रात पोचलो. टोकन घ्यायच्या यंत्राने चालक क्रमांक मागितला. बँकवाल्यांनी टोकन नसताना रांगेत कसं उभं राहायचं असतं ते दाखवलं. आयुष्यभर त्यांनी समोरून तेच पाहिलं होतं. दुपारी तीन वाजता आम्ही खिडकीशी होतो. आत एक तरुणी.

"तुम्ही चालक?"

"नाही."

"तक्रारदार?"

"हो."

"तक्रार कोणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध."

तिने लेखणी खाली ठेवली. "तशी वर्गवारी नाही."

"मग तयार करा," बाई मागून म्हणाल्या, आपल्या भाषेत; पण तो स्वर सगळ्या भाषांत सारखाच असतो. खिडकीतली तरुणी नकळत ताठ बसली.

मी खुलासा केला. तिने पडद्यावर आमच्या इमारतीचं पान काढलं आणि पाहतच राहिली. "एका इमारतीतून पंधरा तीन. आम्हाला वाटलं, कट आहे." मग तिने एकेक शेरा मोठ्याने वाचला. "अत्यंत प्रामाणिक. तीन. आदर्श नागरिक. तीन. आईच्या मायेने पायरी उतरवून दिली. तीन." ती बाईंकडे वळली. "आईच्या मायेला तीन?"

"माया होती," बाई म्हणाल्या, "पण ब्रेक जरा करकचून."

तिने प्रत्येकापुढे एकेक अर्ज सरकवला. कारणासाठी चौकट होती, तीनशे अक्षरांची. इथे मी निश्चिंत झालो. दुसऱ्याचा तीन रकान्यांचा मजकूर दहा ओळींत बसवण्यात माझी हयात गेली. पहिला मसुदा लिहिला, त्यात दोष गुणपद्धतीचा होता. खोडला. दुसऱ्यात दोष अॅपचा आणि थोडा मुलीचा. तोही खोडला. चाळीस वर्षं आम्ही चूक झाली की आतल्या पानावर, तळाला, सर्वांत बारीक टाइपात "अनवधानाने" असं छापत आलो. कोणाच्या अनवधानाने, ते कधी छापलं नाही. घड्याळात चारला दहा कमी होते. मी लिहिलं:

"मी या चालकाला तीन तारे दिले. आमच्याकडे तीन म्हणजे उत्तम. इथे काय, हे मी विचारलं नाही, आणि इतरांनाही तसंच करायला लावलं. चूक माझी. योग्य आकडा पाच."

बाईंनी माझा कागद वाचला. स्वतःच्या अर्जावर त्यांनी पाच लिहिला. आयुष्यातला पहिलाच होता. साडेचार वाजता शिक्का बसला.

सहाव्या खेपेला सकाळी दारात कल्लेवाले उभे. मी मुकाट्याने मागे बसायला निघालो, तर त्यांनी पुढचं दार उघडलं. सीटवरचं सामान आधीच मागे टाकलेलं होतं. कवळी नीट बसली. परतीच्या वाटेवर ही दीड महिन्यांनी पहिल्यांदा रुमालाशिवाय हसली, आणि नेमकं ते आरशात बघायचं नाही म्हणून त्यांनी नजर रस्त्यावर ठेवली.

घराशी उतरल्यावर मी त्यांच्यासमोर पाच दाबले. अंगठा जड झाला होता, पण दाबले.

"प्रवाशाला आम्हीही देतो," ते म्हणाले आणि मोबाईल माझ्याकडे वळवला. "तुमच्याच पद्धतीने दिले."

तीन होते.

"डावा आता वर गेलाय," ते म्हणाले. "नाहीतर चार दिले असते."

चहाच्या वेळी मुलगी चवताळली. "तीन? एवढं सगळं केलंत त्यांच्यासाठी आणि तीन? थांबा, मी तक्रार करते."

"खबरदार!" मी म्हणालो.

"अगं, राहू दे," ही म्हणाली. नव्या दातांमुळे प्रत्येक अक्षर खणखणीत येत होतं. "पंचावन्न वर्षांनी फर्स्ट क्लास लागलाय. राहू दे त्यांना."

साठ टक्के. मी आकडा दोनदा ताडून पाहिला. वडील असते तर त्यांना दाखवला असता. अर्थात त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: कल्ला सरळ ठेवला असतास, तर चार पडले असते.